एनबीएच्या आयुक्तांना खुले पत्र: डिफेन्सचा आकडा छापता, तर त्यातली अनिश्चितताही छापा

प्रति,
श्री. ॲडम सिल्व्हर, आयुक्त, नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, न्यूयॉर्क
आणि मोसमाअखेर पुरस्कारांसाठी मत देणारे सर्व पत्रकार व समालोचक

स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तुमच्या लीगने ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसबरोबर भागीदारी जाहीर केली आणि तिच्यासोबत काही नवे आकडे येणार असं सांगितलं. त्यातला एक 'डिफेन्सिव्ह बॉक्स स्कोअर', म्हणजे सामन्यातल्या डिफेन्सचा खेळाडूवार तक्ता. कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू टिपणार, त्यावरून संगणक क्षणोक्षणी ठरवणार की कोण कोणाला अडवतंय, स्विच (अडवणाऱ्यांनी आपापले खेळाडू आपसांत बदलणं) कुठे झाला, डबल टीमला (एकाला दोघांनी घेरायला) कोण धावलं. आणि मग तो हिशोब एकेका खेळाडूच्या नावावर मांडला जाणार.

डिफेन्सची नीट मोजदाद व्हावी असं मला मी खेळत होते तेव्हापासून वाटत आलं आहे. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. 'हा याला अडवत होता' असं संगणकाने म्हटलं तर ते किती वेळा बरोबर असतं आणि किती वेळा चूक, हाती आलेली संख्या निव्वळ योगायोगाने किती वरखाली होऊ शकते, यातलं काहीच त्या आकड्याशेजारी प्रेक्षकाला दिसत नाही. एक नाव आणि एक संख्या, एवढंच समोर येतं. हीच संख्या पुढे समालोचनात जाते, मतपत्रिका भरताना समोर असते आणि खेळाडूच्या करारापर्यंत पोचते. हे मला मान्य नाही.

मी नागपुरात मुलींना बास्केटबॉल शिकवते. स्वतः खेळायचे तेव्हा समोरच्या संघातली सर्वांत चांगली खेळाडू माझ्याकडे दिली जायची. आमच्याकडे सामन्याची अधिकृत नोंद फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) स्कोअरशीटवर होते. तिच्यावर गुण, फाउल आणि टाइमआउट असतात. एखादीला पूर्ण सामनाभर मनासारखा चेंडूच मिळू दिला नाही, तर त्या कागदावर अडवणारीच्या नावापुढे काहीही उमटत नाही. ते दुःख मला माहीत आहे, त्यामुळे आकड्यांची शत्रू म्हणून मी बोलत नाही.

मध्यंतरी एका निवड चाचणीत माझी एक विद्यार्थिनी वगळली गेली. कारण विचारलं तेव्हा निवड करणाऱ्यांपैकी एकाने मोबाइलवरची यादी पुढे केली: हिच्या स्टील (समोरचीकडून हिसकावलेले चेंडू) सगळ्यांत कमी. ती मुलगी स्टीलसाठी हात घालतच नव्हती, कारण तिला तसंच शिकवलं होतं. पाय हलव, छाती समोर ठेव, समोरचीला बेसलाइनकडे ढकल, मागे मदत उभी आहे. तिच्या शेजारची मुलगी प्रत्येक पासवर झेपावायची. जेव्हा चेंडू हाताला लागायचा तेव्हा यादीत एक रेघ वाढायची. जेव्हा झेप हुकायची तेव्हा मागच्या चौघी पाचजणींविरुद्ध उघड्या पडायच्या, आणि त्याची रेघ कुठेच नव्हती. डिफेन्स मोजायची ही रीत त्या निवड समितीने स्वतः शोधलेली नव्हती. ती तुमच्या ॲपवरून, तुमच्या प्रक्षेपणातून आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये तुम्ही वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांना खेळवलंत, इथल्या शाळांमध्ये ज्युनिअर एनबीए नेलंत. आमच्या मुली भल्या सकाळी उठून तुमचे सामने बघतात आणि दिवसभर तुमचेच आकडे बोलतात. तुम्ही आकडा कसा मांडता याच्याशी आमचा संबंध आहे तो असा.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार सर्वांत जुन्या आकड्यांबद्दल. एनबीएने स्टील आणि ब्लॉक (हवेत अडवलेले फटके) मोजायला १९७३-७४ च्या मोसमात सुरुवात केली. बिल रसेल ११ विजेतेपदं मिळवून १९६९ मध्येच निवृत्त झाला होता, म्हणजे रिंगजवळ डिफेन्स कसा करावा हे ज्याने जगाला दाखवलं त्याच्या नावावर एकाही ब्लॉकची अधिकृत नोंद नाही. मोजदाद सुरू झाल्यावरही ती स्कोअर टेबलवर बसलेल्या माणसाच्या नजरेवर अवलंबून राहिली, आणि तो माणूस यजमान संघाच्या गावचा असतो. १९८७-८८ मध्ये मायकल जॉर्डनच्या नावावर २५९ स्टील आणि १३१ ब्लॉक लागले आणि त्याला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडूचा पुरस्कार मिळाला. अनेक वर्षांनी पत्रकारांनी घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे करून पाहिले तेव्हा घरचे आकडे फारच फुगलेले दिसले. जॉर्डन थोर डिफेंडर होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका वहीबद्दल आहे. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिसच्या जॅरेन जॅक्सन ज्युनिअरच्या ब्लॉक्सबद्दल असाच आरोप झाला. तुम्ही सांगितलंत की लीगकडून प्रत्येक सामन्याची नोंद तपासली जाते आणि ती बरोबर होती. मी तो खुलासा स्वीकारते. पण आरोप झाल्यावरच तपासणीबद्दल ऐकायला मिळावं, हे बरोबर नाही. तपासणीत वर्षभरात काय सापडलं, किती नोंदी बदलल्या, कोणत्या मैदानावर जास्त बदलल्या, हे न मागता कळायला हवं.

दुसरी तक्रार माझ्या मते सर्वांत मोठी, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

खेळाडू मैदानावर असताना संघाने दर शंभर पझेशनमागे (एका संघाकडे चेंडू असण्याची एक पाळी म्हणजे एक पझेशन) किती गुण दिले आणि तो बाकावर असताना किती दिले, यातला फरक म्हणजे 'ऑन-ऑफ'. ऐकायला हा सर्वांत प्रामाणिक आकडा वाटतो, कारण त्यात कोणाच्या नजरेचा प्रश्न नाही. गुण पडले की पडले. पण डिफेन्स पाचजणांचा असतो. कबड्डीत डाव्या कोपऱ्यातला चढाईपटूचा घोटा धरतो आणि पकड त्याच्या नावावर लागते, पण त्या चढाईपटूला कोपऱ्याकडे जायला भाग पाडलं ते कव्हरने, आणि मागे साखळी उभी नसती तर तो घोटा सोडवून रेषेपलीकडे गेला असता. बास्केटबॉलमध्ये हे प्रत्येक पझेशनला घडतं. दोन खेळाडू बहुतेक वेळ एकत्रच मैदानात असतील, तर श्रेय यातल्या कोणाचं हे गुणफलकावरून वेगळं काढताच येत नाही. त्यात समोरचे बदली खेळाडू कोण हे आपल्या हातात नाही, आणि स्वतःच्या संघाच्या बाकावर कोण बसलंय यावर 'ऑफ'चा आकडा ठरतो.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी निव्वळ नशिबाचा वाटा किती, ते कोणीही कागदावर मांडून पाहू शकेल. एका पझेशनला शून्य, दोन किंवा तीन गुण होतात, कधी एक. या चढउताराचं प्रमाण विचलन (सरासरीपासून नेहमीचं अंतर) साधारण १.२ गुण येतं. रोज ३४ मिनिटं आणि मोसमात ७५ सामने खेळणारा माणूस मैदानावर असताना अंदाजे ५,३०० डिफेन्सिव्ह पझेशन होतात, तो बाकावर असताना सुमारे २,२००. यावरून ऑन-ऑफ फरकातली प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने होणारी नेहमीची चूक) काढली तर ती दर शंभर पझेशनमागे सुमारे ३ गुण निघते. म्हणजे एखाद्याचा फरक ४ गुणांचा दिसला, तर खरा परिणाम शून्याच्या आसपास असू शकतो किंवा ८ च्याही पुढे असू शकतो. लीगमधल्या उत्तम डिफेंडरला सामान्य डिफेंडरपासून वेगळं करणारं अंतरच मुळात एवढं आहे. पूर्ण एक मोसम खेळून झाल्यावरची ही स्थिती. जानेवारी महिन्यात, अर्ध्या मोसमावर, जे तक्ते पडद्यावर झळकतात त्यांची काय कथा असेल ते यावरून समजावं.

त्यात तीन गुणांच्या फटक्यांचा खेळ वेगळाच. समोरच्यांनी किती थ्री मारावेत यावर डिफेन्सचा चांगला ताबा असतो. मारलेल्यांपैकी किती आत जावेत यावर फार कमी. एखादा खेळाडू मैदानावर असताना मोसमभरात प्रतिस्पर्ध्यांनी १,८०० च्या आसपास थ्री मारले, तर नुसत्या योगायोगाने त्यातले वीस इकडचे तिकडे होणं अगदी सामान्य आहे. वीस थ्री म्हणजे ६० गुण, म्हणजे दर शंभर पझेशनमागे एका गुणाहून जास्त. तो गुण खेळाडूच्या नावावर 'डिफेन्स' म्हणून छापला जातो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण कवाय लेनर्डचं. २०१५ आणि २०१६ असा सलग दोनदा त्याला सर्वोत्तम डिफेंडरचा पुरस्कार मिळाला. आणि २०१६-१७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत आकडे असं सांगत होते की तो मैदानावर असताना सॅन अँटोनियोचा डिफेन्स तो नसतानापेक्षा वाईट आहे. फिल्म पाहणाऱ्यांना दिसलं ते असं: प्रतिस्पर्धी संघ कवायच्या वाट्याच्या खेळाडूला कोपऱ्यात नेऊन उभा करत आणि उरलेल्या चारजणांत खेळ चालवत. माणूस इतका भीतीदायक की त्याला खेळातूनच बाहेर ठेवायचं. शिवाय तो मैदानावर असताना समोरच्यांचे थ्री जास्त पडत होते. पहिल्या कारणात त्याचं कौतुक आहे, दुसऱ्यात त्याचा दोष नाही, आणि दोन्ही मिळून छापला गेला तो त्याच्याविरुद्धचा आकडा.

तिसरी तक्रार 'जवळचा डिफेंडर' या कल्पनेची. फटका मारताना सर्वांत जवळ जो उभा, त्याच्या खात्यावर तो फटका. पण जवळ असणं म्हणजे जबाबदार असणं नव्हे. जून २०२१ मध्ये युटा जॅझ लॉस एंजेलिस क्लिपर्सविरुद्ध सहावा सामना २५ गुणांची आघाडी घेऊन हरला. टेरन्स मॅनने ३९ गुण केले, त्यात सात थ्री. त्याच मोसमाचा सर्वोत्तम डिफेंडर रुडी गोबेअर मॅनच्या वाट्याला होता, आणि जगभर गोबेअरची टिंगल झाली. तो सामना पुन्हा शांतपणे पाहा. बाहेरच्या फळीतला डिफेंडर पुन्हापुन्हा पहिल्याच पावलाला हरतो, चेंडूवाला रिंगकडे सुसाट येतो, गोबेअर मदतीला पुढे होतो (ते त्याचं कामच आहे) आणि चेंडू मोकळ्या कोपऱ्यात जातो. मॅनचा फटका कोणाचा? पहिल्या पावलाला हरलेल्याचा, मदतीला गेलेल्याचा, की मदतीच्या मागे मदत न धाडणाऱ्याचा? माझ्या शिबिरातली चौदा वर्षांची मुलगीही विचारेल असा हा प्रश्न आहे, आणि तुमचा नवा बॉक्स स्कोअर त्याला कोणतं उत्तर देतो, कोणत्या नियमाने देतो, हे आम्हाला दिसत नाही.

उलट बाजूही आहे. २०१३ मध्ये कर्क गोल्ड्सबेरी आणि एरिक वाइस यांनी कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून दाखवलं की ड्वाइट हॉवर्ड रिंगजवळ असला की प्रतिस्पर्धी तिथून फटके मारायचंच कमी करतात. न मारलेला फटका कोणत्याही टक्केवारीत येत नाही. शेन बॅटिएर या खेळाडूबद्दल त्याच्या ह्यूस्टन संघाच्या लोकांना हे कधीच कळलं होतं: तो समोरच्याला त्याच्या नावडत्या जागी ढकलायचा आणि डोळ्यांसमोर हात धरायचा. त्याची नोंद साध्या वहीत नव्हती.

चौथी, थोडक्यात. हे सगळे दोष माहीत असल्यानेच अभ्यासकांनी मिश्र आकडे काढले. समायोजित प्लस-मायनस (सोबत आणि समोर कोण खेळतंय याचा हिशोब धरणारा ऑन-ऑफ) आला, जो सिल यांनी २०१० मध्ये त्याला गणिती लगाम घातला आणि आकडे कमी उड्या मारू लागले. पुढे ईपीएम, लेब्रॉन, डार्को असे आकडे आले. ही मेहनती आणि हुशार माणसांची कामं आहेत, मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकले. पण त्यांच्यात आपसांत डिफेन्सबद्दल जेवढे मतभेद दिसतात तेवढे आक्रमणाबद्दल दिसत नाहीत, आणि जे आकडे मुख्यतः बॉक्स स्कोअरवरून अंदाज बांधतात ते चकतात. २०२१-२२ मध्ये निकोला योकिचचा डीबीपीएम (बॉक्स स्कोअरवरून बांधलेला डिफेन्सचा अंदाज) लीगमधल्या अगदी वरच्या आकड्यांत होता. त्याला त्या वर्षी दोन्ही ऑल-डिफेन्सिव्ह संघांत (मोसमातल्या सर्वोत्तम डिफेंडरांच्या पाच-पाच जणांच्या मानाच्या याद्यांत) जागा मिळाली नाही, आणि तेव्हाचे त्याचे सामने पाहिलेल्या कोणाला त्यात नवल वाटलं नसेल.

पाचवी तक्रार पैशांची आहे आणि ती खेळाडूंच्या वतीने करते. तुमच्या आणि खेळाडू संघटनेच्या करारानुसार सर्वोत्तम डिफेंडरचा पुरस्कार मिळाला तर खेळाडू सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेच्या) मोठ्या हिश्शाला पात्र ठरू शकतो. २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या इव्हान मोबलीला तो पुरस्कार मिळाला आणि त्याचा पाच वर्षांचा करार सुमारे २२ कोटी ४० लाख डॉलरवरून सुमारे २६ कोटी ९० लाखांवर गेला. मोबली लायक होता. माझी त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण चार-साडेचार कोटी डॉलरचा फरक मूठभर आकडे आणि शंभरेक मतांवर ठरत असेल, तर त्या आकड्यांची खात्री किती आहे हे सांगणं तुमचं कर्तव्य ठरतं. संघालाही ते लागू आहे, कारण तो पैसा त्याच्याच कॅपमधून जातो.

मत देणाऱ्या मंडळींना एक जुनी गोष्ट आठवण करून देते. २०१३ मध्ये पत्रकारांनी मेम्फिसच्या मार्क गॅसोलला वर्षातला सर्वोत्तम डिफेंडर ठरवलं. ऑल-डिफेन्सिव्ह संघ तेव्हा प्रशिक्षक निवडत, आणि त्यांनी त्याच गॅसोलला दुसऱ्या संघात ठेवलं. लीगमधला सर्वांत चांगला डिफेंडर पहिल्या पाचात नाही! पुढच्याच मोसमापासून तीही निवड पत्रकारांकडे आली आणि विसंगती दिसेनाशी झाली. मला मात्र वाटतं की ती विसंगती मोलाची होती. रोज गेम प्लॅन आखणारी माणसं आणि रोज सामने पाहणारी माणसं एकाच खेळाडूबद्दल वेगळं बोलत होती, आणि आपल्याला किती कमी खात्री आहे हे त्यातून सर्वांना दिसत होतं.

या सगळ्यावर उपाय नाही असं नाही, आणि अर्धा उपाय तुमच्याच हातात होता. २०१३-१४ पासून तुमच्या सर्व मैदानांवर स्पोर्टव्ह्यूचे कॅमेरे बसले. सेकंदाला २५ वेळा प्रत्येक खेळाडूची आणि चेंडूची जागा नोंदली जाऊ लागली. काही काळ त्या कच्च्या नोंदी तुमच्या संकेतस्थळावरून कोणालाही घेता येत. २०१६ च्या सुरुवातीला तुम्ही त्या बंद केल्यात. अशाच नोंदी हाती असताना अलेक्झांडर फ्रँक्स, अँड्र्यू मिलर, ल्यूक बॉर्न आणि गोल्ड्सबेरी यांनी कोण कोणाला अडवतो हे ओळखायची पद्धत बांधली, आणि ती २०१५ मध्ये सर्वांसमोर मांडली. तिच्यात काय चुकतंय हे दुसरा कोणीही दाखवू शकत होता. तुमची आजची यंत्रणा तिच्यापेक्षा कितीतरी बारीक पाहते. पण ती काय पाहते ते तपासायची सोय बाहेरच्या कोणाकडेही नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

१. खेळाडूच्या नावावर छापल्या जाणाऱ्या डिफेन्सच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याची त्रुटीमर्यादा (तो किती वरखाली असू शकतो ते) छापावी. ॲपवर, प्रक्षेपणात, पुरस्कारांसाठी मतदारांकडे जाणाऱ्या माहितीत, सगळीकडे. ज्या आकड्याची मर्यादा काढता येत नाही तो व्यक्तीच्या नावावर न छापता संघाच्या नावावर छापावा.

२. 'डिफेन्सिव्ह बॉक्स स्कोअर'मध्ये अडवणारा कोण हे ज्या नियमांनी ठरतं ते नियम जाहीर करावेत. मदत, स्विच आणि झोन (खेळाडूऐवजी जागा राखणं) यांचा हिशोब कसा होतो ते उदाहरणांसह सांगावं. जाणकार प्रशिक्षकांच्या एका गटाने फिल्म पाहून दिलेली उत्तरं आणि संगणकाची उत्तरं किती वेळा जुळली, हे दर मोसमाला प्रसिद्ध करावं.

३. स्टील, ब्लॉक आणि डिफ्लेक्शनच्या (हात लावून वळवलेल्या चेंडूंच्या) नोंदींच्या तपासणीचा वार्षिक अहवाल मैदानवार प्रसिद्ध करावा.

४. कच्च्या ट्रॅकिंग नोंदी पुन्हा खुल्या कराव्यात. चालू मोसमाच्या नको. संघांची गुपितं मला नको आहेत. दोन-तीन मोसम जुन्या नोंदी दिल्यात तरी विद्यार्थी, अभ्यासक आणि माझ्यासारखे प्रशिक्षक जगात कुठूनही तुमचे आकडे तपासून पाहू शकतील.

५. मतदारांनो, तुमच्या मतपत्रिका जाहीर होतात ही चांगली गोष्ट आहे. डिफेन्सच्या पुरस्कारासाठी पहिल्या नावामागचं कारण चार ओळींत लिहून तेही जाहीर करा, आणि त्या कारणात निदान एक गोष्ट अशी असू द्या जी तुम्ही फिल्मवर पाहिली.

६. ऑल-डिफेन्सिव्ह संघासाठी प्रशिक्षकांचं मतदान पुन्हा सुरू करा. पत्रकारांच्या मताऐवजी नको, त्याच्या जोडीला, आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापा.

७. सध्याचा सामूहिक करार २०२९-३० पर्यंतचा आहे. पुढच्या वाटाघाटींत डिफेन्सचा पुरस्कार आणि पगाराची पात्रता यांची गाठ सोडवा. खेळाडू संघटनेलाही माझी हीच विनंती आहे.

यातल्या पहिल्या मागणीला नवं यंत्र लागत नाही, नवा करार लागत नाही, वाटाघाटी लागत नाहीत. ज्या संगणकाने आकडा काढला तोच संगणक त्याची मर्यादाही काढू शकतो. तिची सुरुवात चालू मोसमातच व्हावी, आणि होणार नसेल तर का नाही, हे आपण जाहीरपणे सांगावं.

आपली,
मुलींच्या संघाची एक प्रशिक्षक
नागपूर